गोचीड चढतो पायापासून

सोलापूर जिल्ह्यात गोचीड गाठायला जंगलात जावं लागत नाही. गोठ्याच्या भिंतीतल्या भेगा, शेळ्यांची बसायची जागा, दारातल्या कुत्र्याचे कान, ही त्याची नेहमीची घरं. त्याचा त्रास फक्त जनावराला, असं आपण धरून चालतो. पण कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड चावला तर माणसालाही रिकेट्सिया जातीच्या जिवाणूंमुळे ताप येऊ शकतो. इंडियन टिक टायफस हे त्याचं नाव. सोलापुरातल्या बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांमधल्या रिकेट्सियाच्या तापांविषयी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलेलं आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २०१६पासून दिसणारा माकडतापही गोचिडामुळेच पसरतो. तो मूळचा १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला, घाटातल्या दाट झाडीचा आजार. आपल्याकडचा प्रश्न गोठ्याचा, कुत्र्याचा आणि माळरानाचा आहे.

बचाव कसा करायचा हे कळायला आधी गोचीड अंगावर येतो कसा ते पाहू. त्याला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. बऱ्याच जातींचे गोचीड गवताच्या टोकाशी चढून पुढचे दोन पाय हवेत पसरून बसतात. त्या पायांवर वास, ऊब आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड टिपणारा एक अवयव असतो. माणूस किंवा जनावर घासून गेलं की गोचीड त्याला धरतो. गुराढोरांवरचा हायलोमा जातीचा गोचीड मात्र वाट पाहत बसत नाही, जमिनीवरून चक्क धावत येतो. दोन्ही प्रकारांत सुरुवात बहुतेक वेळा पायापासून होते. मग तो वर सरकत जांघ, काख, कानामागची जागा शोधतो. तिथे काटेरी सोंड रुतवतो आणि लाळेमुळे त्या जागी फारसं दुखतही नाही. म्हणून चावा कळत नाही, कळतो तो फुगलेला गोचीड.

आता मलम आणि औषध लावलेले कपडे. दुकानात दोन्ही एकाच ओळीत ठेवतात, पण त्यांची कामं वेगळी. अंगाला लावायचं औषध गोचिडाला मारत नाही. ते त्याचं वास घेण्याचं काम बिघडवतं. डीट हे त्यातलं जुनं आणि भरवशाचं. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी शोधलं गेलं. गोचिडासाठी २० ते ३० टक्क्यांचं डीट किंवा २० टक्के पिकारिडिन पुरतं. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने डेपा नावाचं औषध तयार केलं. कर्नाटकात माकडतापाच्या भागात जंगलात जाणाऱ्यांना त्याचं तेल वाटतात. घरोघरी असणारं ओडोमॉस डासांसाठी आहे, त्याच्या भरवशावर गवतात बसू नये.

लावण्याची रीत सोपी आहे. घोटे, पोटऱ्या, हात, मान अशा उघड्या जागांवर लावा. कपड्याखाली झाकलेल्या कातडीवर, जखमेवर आणि मुलांच्या तळहातांवर नको. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीट अजिबात लावू नये. उन्हाचं क्रीम आधी, हे नंतर. घामाने औषध निघून जातं, त्यामुळे मे महिन्यात बाटलीवर लिहिलेल्या तासांवर विसंबू नका. डीटने चष्म्याची प्लास्टिकची फ्रेम आणि घड्याळाचा पट्टा खराब होतो, तेवढं सांभाळा.

कपड्यांचं काम निराळं. पर्मेथ्रिन हे शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून मिळणाऱ्या कीटकनाशकाच्या धर्तीवर इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडला बनवलेलं औषध. त्याला वासाशी घेणंदेणं नाही. गोचीड त्या कापडावर चालला की पायातून औषध आत जातं, मज्जातंतू भडकतात आणि तो गळून पडतो. गोचीड पायापासून चढतो, म्हणून मोजे, बूट आणि पँटचा खालचा भाग यांवर औषध असणं सर्वांत मोलाचं. माझ्या मते मलमापेक्षा हे जास्त कामाचं. अर्धा टक्क्याचा फवारा मोकळ्या हवेत टांगलेल्या कपड्यावर ओलसर होईपर्यंत मारतात आणि कपडा पूर्ण वाळल्यावरच घालतात. हा फवारा साधारण सहा धुण्यांपर्यंत टिकतो. कारखान्यात औषध बसवलेल्या कापडासाठी ७० धुण्यांपर्यंतचा दावा असतो, पण तो यंत्रातल्या धुण्याचा. दगडावर आपटून धुणाऱ्या घराने एवढी आशा ठेवू नये. गणवेश शिवण्यात नाव कमावलेल्या सोलापुराने मेंढपाळ, शेतमजूर आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या वनरक्षकांसाठी असे कपडे का करू नयेत, हा प्रश्न मला पडतो.

कातडीला पर्मेथ्रिनचा फवारा मारू नका. खरजेसाठी डॉक्टर देतात ते मलम वेगळं. मांजराला ओलं पर्मेथ्रिन विषासारखं आहे. माशांनाही ते मारक असल्याने असे कपडे शेततळ्यात किंवा ओढ्यात धुऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचं, गुरांच्या गोचिडाचं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचं औषध स्वतःच्या कपड्यांवर किंवा अंगावर ओतू नका. ते तीव्र असतं, जनावरासाठीसुद्धा पाण्यात मिसळूनच वापरायचं असतं.

औषध मिळालं नाही तर फिकट रंगाची पँट मोज्यात खोचा, म्हणजे काळा ठिपका चढताना दिसतो. संध्याकाळी अंघोळीआधी काखा, जांघा, कानामागचा भाग आणि मुलांचं डोकं तपासा. थंड पाण्यात धुतल्याने गोचीड मरत नाही, कपडे कढत पाण्यात टाकावे लागतात.

चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. रॉकेल, चुना, पेटती उदबत्ती यांनी तो चिडतो आणि जखमेत आणखी लाळ सोडण्याचा धोका असतो. जनावराच्या अंगावरचा गोचीड ओढून दोन नखांत चिरडायची सवय आपल्याकडे आहे, ती सोडावी. चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तातून क्रिमियन-काँगो ताप होऊ शकतो. हा ताप भारतात पहिल्यांदा २०११ मध्ये गुजरातेत निश्चित झाला. हातमोजे घालून काढा आणि फिनेलच्या पाण्यात टाका.

नंतरच्या दोन आठवड्यांत ताप, जोराची डोकेदुखी किंवा तळहात-तळपायांवर पुरळ आलं तर डॉक्टरकडे जा. घरात कुत्रा आहे, शेळ्या आहेत, गोचीड चावला होता, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. रिकेट्सियाच्या तापावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध लहान मुलांनाही चालतं, आणि तपासणीच्या निकालाची वाट न पाहता ते सुरू करायचं असतं.