लय आणि स्वर

गवई एकच षड्ज विलंबित लयीत लावतो, तसाच तो द्रुत लयीतही लावतो. लय दुप्पट झाली म्हणून त्याचा षड्ज वर सरकत नाही. आणि तंबोरा वरच्या पट्टीत मिळविला म्हणून लय वाढत नाही. गवयाच्या गळ्यात लय आणि स्वर एकमेकांपासून स्वतंत्र असतात. मुद्रित केलेल्या ध्वनीत मात्र त्यांची गाठ बसलेली असते. ती गाठ कशी पडते आणि माणसाने ती कशी सोडविली, ते आता पाहू.

ध्वनी म्हणजे हवेतील कंप. एका सेकंदात जितके कंप अधिक, तितका स्वर उंच. कंपांची संख्या दुप्पट झाली की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. ग्रामोफोनच्या तबकडीवर हे कंप नागमोडी रेषेच्या रूपाने कोरलेले असतात. मिनिटाला ७८ फेरे घेण्यासाठी तयार केलेली तबकडी त्याहून जलद फिरविली, तर गाणे लवकर संपते; पण सुईखालून तेवढ्याच वेळात अधिक वळणे जात असल्यामुळे स्वरही चढतो. वेग सुमारे सहा टक्के वाढला, तरी पेटीच्या पांढरी एक पट्टीतील गाणे काळी एकमध्ये ऐकू येते!

या गाठीमुळे अंध विद्यार्थ्यांची मोठी अडचण होत असे. डोळस विद्यार्थी पुस्तक मनातल्या मनात भराभर वाचतो. अंध विद्यार्थ्याला मात्र मुद्रित पुस्तक ऐकताना वाचकाच्या सावकाश गतीनेच पुढे जावे लागे. ध्वनिफीत जलद फिरविली, तर आवाज चिरका होऊन शब्द नीट कळत नसत. त्याचा वेळ वाचवायचा, तर स्वर जागच्या जागी ठेवून केवळ लय वाढविणे अवश्य होते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक उपाय योजला व १९५४ साली तो प्रसिद्ध केला. ध्वनिफितीवरील ध्वनी वाचणारे भाग त्यांनी फिरत्या चक्रावर बसविले. या उपायामागील तत्त्व एका उदाहरणाने समजेल.

समजा, एका सेकंदात २०० कंप असलेला ध्वनी आहे. त्याचे ४० समान तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यात ५ कंप येतील. आता एकाआड एक तुकडा काढून टाका आणि उरलेले २० तुकडे जोडा. ध्वनी अर्ध्या सेकंदात संपेल, आणि त्यात १०० कंप असतील. अर्ध्या सेकंदात १०० म्हणजे सेकंदाला २००च! लय दुप्पट झाली, पण स्वर हलला नाही. बोलण्यातील बहुतेक वर्ण अशा एका तुकड्याहून अधिक काळ टिकतात. म्हणून शब्दही ओळखू येतात. याउलट, प्रत्येक तुकडा दोनदा वाजविला, तर तोच ध्वनी त्याच स्वरात दोन सेकंद चालतो.

लय न बदलता स्वर चढवायचा असेल तर? प्रथम वरील रीतीने ध्वनी दुप्पट लांब करावा आणि मग तो दुप्पट वेगाने वाजवावा. वेळ पूर्ववत होतो आणि स्वर एक सप्तक वर जातो.

तुकड्यांचे सांधे खटकू नयेत म्हणून एक तुकडा हळूहळू मंद करीत दुसरा त्यावर चढवितात. तबल्याची थाप मात्र क्षणार्धात होते. तिचा तुकडा दोनदा वाजला, तर एका थापेच्या दोन थापा ऐकू येतात. म्हणून चांगली व्यवस्था थापेचा क्षण ओळखून तो तसाच राखते.

पूर्वी ज्यासाठी खास यंत्र लागे, ते काम आज संगणक आकडेमोडीने करतो. अंध विद्यार्थी आपल्या गतीने पुस्तक ऐकतो. संगीताचा विद्यार्थी अवघड तान संथ करून तिच्यातील एकेक स्वर पारखतो. मुद्रित साथ गाणाऱ्याच्या पट्टीत आणता येते.

तथापि यंत्राने संथ केलेली तान म्हणजे विलंबित गायन नव्हे. यंत्र केवळ काळ ताणते. विलंबित गाणारा गवई त्या वाढलेल्या काळात काय भरावे, याचा विचार करतो. यंत्राच्या साहाय्याने तान ओळखून घ्यावी. परंतु ती गळ्यात बसविण्यास मेहनत आपणच केली पाहिजे.