पद्मिनीचे ब्रेक : पावसाळा संपला की ड्रम उघडा
कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी वर्षभर उभी असली तरी ड्रम उतरवून आत पाहायलाच हवे. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड बोटाने अलगद उचला. आत ओल दिसली तर लायनरला ऑइल लागण्याआधी किट बदला. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

सर्वाधिक हेळसांड होते ती ब्रेक ऑइलची. ते हवेतली ओल शोषते. डॉट ३ ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. मग घाटाच्या लांब उतारावर ऑइलची वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. म्हणून दर २ वर्षांनी सगळे ऑइल बदला, ब्रेकमधली हवा काढा. इंजिन ऑइल मात्र चुकूनही ओतू नका, त्याने रबर फुगते.

पुढच्या बेअरिंगना नवे ग्रीस भरा. टायरच्या बाजूवरचे चार अंकही वाचा : २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी १० वर्षांपुढचा टायर काढूनच टाका.