मुलाचे लंगडणे व खुब्याचे हाड

गतवर्षी आमचा सात वर्षांचा नातू लंगडू लागला. गुडघा दुखतो, एवढेच तो सांगे. वखारीतील पोत्यांवरून उडी मारली असेल, असे समजून आम्ही तीन महिने तेलमालिश केली. अखेर एक्स-रे काढता दोष गुडघ्यात नसून खुब्यात निघाला. अशी चूक अन्य बंधूंच्या घरी होऊ नये, म्हणून हे टिपण.

या विकारास पर्थेस रोग म्हणतात. १९१० साली लेग, काल्व्हे व पर्थेस या तिघा डॉक्टरांनी तो स्वतंत्रपणे वर्णिला. मांडीच्या हाडाच्या गोल माथ्यास रक्त पोचविणाऱ्या वाहिन्या बालवयात मोजक्याच असतात. त्यांतील प्रवाह तुटला की माथा निर्जीव होतो व भाराने चपटा होतो. पुढे नवे हाड भरते. मात्र त्यास दोन ते चार वर्षे लागतात. तोवर माथा खोबणीत नीट राखणे, हाच उपचाराचा गाभा होय. मुलींपेक्षा मुलग्यांत हा रोग सुमारे चौपट आढळतो. उडुपीकडील किनारपट्टीत तो विशेष दिसल्याने मणिपालचे डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी त्याचा दीर्घ अभ्यास केला.

रक्त का तुटते, याचे निश्चित उत्तर अद्याप नाही. वारंवारचा सूक्ष्म मार, रक्त गोठण्यातील दोष व घरातील तंबाखूचा धूर यांवर संशोधकांचा संशय आहे. सिकलसेल व स्टेरॉइडचे दीर्घ सेवन यांनीही माथा असाच निर्जीव होऊ शकतो.

तंबाखूच्या पेठेत वावरणाऱ्या आपण मुलांजवळ विडी तरी ओढू नये. आणि मूल लंगडले, तर गुडघ्यासह खुबाही विनाविलंब तपासून घ्यावा.