दहा अंशांचं पाणी

इमारतीला किती ऊर्जा लागेल याचा हिशेब करणाऱ्या एनर्जीप्लस या प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती आली एप्रिल २००१मध्ये. तिच्या पंचविशीनिमित्त आम्हा जुन्या सिम्युलेशनवाल्यांच्या गप्पा झाल्या आणि त्या काचा, सावल्या, चिलर यांच्यापुढे गेल्या नाहीत. गरम पाण्याचं नावही कोणी काढलं नाही. मला ते लागलं. कारण त्याच आठवड्यात कोकण किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचं मॉडेल माझ्याकडे तपासायला आलं होतं. दोन टप्प्यांतून मंजूर झालेलं. त्यात नळाला येणारं पाणी वर्षभर १० अंशांचं होतं.

कोकणात १० अंशांचं पाणी कुठून येणार? ते कोणी मुद्दाम लिहिलं नव्हतं. नळाच्या पाण्याचं तापमान सांगितलं नाही, तर एनर्जीप्लस १० अंश धरून पुढे जातं. बाकीची फाइल नेटकी होती, म्हणून हे कोणाच्या नजरेत आलं नाही.

हे असं का होतं ते सांगायला थोडं मागे जायला हवं. एनर्जीप्लसच्या आधीचा इतिहास मी थोडक्यात उरकते. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत डीओई-२ आणि ब्लास्ट हे दोन प्रोग्रॅम वाढले, एक ऊर्जा खात्याच्या आश्रयाने, दुसरा लष्कराच्या. दोन्हींतलं चांगलं ते घेऊन एनर्जीप्लस झालं. आपल्याकडे सुरुवातीची काही वर्षं ते फारसं कोणी उघडलंही नाही.

माझं दशक सुरू झालं २००७मध्ये. त्या मे महिन्यात आपला इमारतींचा ऊर्जासंवर्धन कोड, ईसीबीसी, जाहीर झाला. केंद्रीय गरम पाण्याची व्यवस्था असलेल्या हॉटेलांना आणि रुग्णालयांना क्षमतेच्या किमान एक-पंचमांश पाणी सौर उष्णतेवर तापवण्याची अट त्यात होती. अचानक आम्हाला विचारलं जाऊ लागलं की मुळात गरम पाणी लागतं किती?

त्या काळी आमच्याबरोबर एक वयस्कर प्लंबिंग कन्सल्टंट बसायचे. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. मॉडेल दाखवायला गेलं की ते स्क्रीनकडे बघायचेच नाहीत. "आधी लिटर सांग," म्हणायचे. मग पाठकोऱ्या कागदावर हिशेब. शंभर खोल्या, खोलीमागे शंभर लिटर, म्हणजे दिवसाला दहा हजार लिटर. अंघोळीचं पाणी ४३ अंशांचं, टाकीतून येणारं २५ अंशांचं, फरक १८. गुणिले ४.१८, भागिले ३६००. दिवसाला साधारण २०९ युनिट. आता २५च्या जागी १० घालून बघा. फरक होतो ३३ आणि उत्तर ३८३ युनिट, पावणेदोन पटींहून थोडं जास्तच. हे करायला दोन मिनिटं लागतात. मॉडेलचा आकडा या कागदाच्या आसपास आला नाही, तर काका आम्हाला उठू द्यायचे नाहीत.

त्या शाळेत आम्ही दुरुस्ती शिकलो. मॉडेलचा रन थांबला की पहिली उघडायची एरर फाइल, आणि वाचायची पहिल्या ओळीपासून, कारण शेवटची ओळ फक्त रन कोसळल्याचं सांगते. गरम पाणी फिरवणाऱ्या लूपचं तापमान हाताबाहेर गेल्याची तक्रार आली, की आधी पंपाकडे बघायचं. पंप सतत चालू ठेवलाय, रात्री कोणी पाणी वापरत नाही, पाइप उष्णता न सोडणारे धरलेत. मग पंपाची उष्णता पाण्यात साठत राहते आणि तिला बाहेर पडायला वाटच नसते. लूपला ६० अंश सांगून पाणी तापवणाऱ्या टाकीच्या वेळापत्रकात ५५ लिहिलं, तर रन थांबत नाही, पण पाणी कधीच ६०ला पोचत नाही. ही चूक जास्त वाईट, कारण ती ओरडत नाही. प्रवाहाचं तसंच. प्रोग्रॅमला तो सेकंदाला घनमीटरमध्ये लागतो. तासाचे लिटर नीट न भागता घातले, की हॉटेल धरण रिकामं करायला निघतं. त्यावर उपाय काकांचाच: दिवसाचे एकूण लिटर काढून बघा.

याच दशकातली एक गोष्ट मी विसरलेले नाही. एका नामांकित कन्सल्टन्सीचे प्रमुख प्रत्येक बैठकीत सांगायचे, "गरम पाणी दोन्ही मॉडेलांत सारखंच असतं, त्यात वेळ घालवू नका." दोन्ही मॉडेलं म्हणजे तुलनेची मूळ इमारत आणि प्रस्तावित इमारत. हे तेव्हाही चूक होतं. बचतीची टक्केवारी एकूण वापरावर निघते. गरम पाणी दोन्हीकडे फुगलं, की चांगल्या काचेची, चांगल्या चिलरची खरी बचत टक्क्यांत लहान दिसते. आणि प्रस्तावित इमारतीत सोलर असेल, तर १० अंशांचं पाणी तापवल्याचं श्रेय त्याला मिळतं आणि बचत खोटी मोठी होते. बैठकीत मी हे मांडलं की पुढचा विषय घेतला जायचा.

नळाच्या पाण्याचं तापमान हवेच्या तापमानावरून काढायचं एक सूत्र एनर्जीप्लसमध्ये आहे. पण ते अमेरिकेतल्या, जमिनीखालच्या पाइपांमधून येणाऱ्या पाण्यावर बेतलेलं आहे. आपलं पाणी गच्चीवरच्या टाकीत दिवसभर उन्हात बसतं. मे महिन्यात पुण्यात दुपारी नळ सोडला की हात भाजतो. गच्चीवरच्या टाक्यांची महिनावार मोजमापं घेऊन आपल्या शहरांसाठी एक तक्ता करायला हवा, हे आम्ही तेव्हापासून म्हणत होतो. पैसे द्यायला कोणी तयार झालं नाही.

पुढे ओपनस्टुडिओ या प्रोग्रॅमने एनर्जीप्लसची फाइल हाताने लिहिण्याचा त्रास संपवला. ते चांगलंच झालं. मला तो त्रास परत नको आहे. मात्र फाइल आपोआप तयार होऊ लागली, तसे त्या कागदावरच्या हिशेबाचे पैसे फीमधून गेले. काकाही निवृत्त झाले. आज मुलांना एका मॉडेलला जेवढे दिवस मिळतात, तेवढ्यात लिटर मोजायला प्लंबिंगवाल्याकडे जाणं शक्य नाही. मी त्यांना दोष देत नाही. मुदती ठरवणाऱ्यांना देते.

घाईत आणखी एक चूक नजरेतून सुटते. मोठ्या हॉटेलात गरम पाणी चोवीस तास पाइपांमधून फिरत असतं, म्हणजे वरच्या मजल्यावर नळ सोडताच ते मिळावं. पहाटे तीनला कोणी अंघोळ करत नाही, तरी पाइप उष्णता गमावत असतात. मॉडेलमध्ये हे नुकसान बहुतेक वेळा शून्य असतं. १० अंशांची चूक आकडा वाढवते, ही दुसरी घटवते, आणि बेरीज बिलाच्या जवळ आली की मॉडेल बरोबर आहे असं लिहून दिलं जातं. मग त्याच आकड्यावर हीट पंप घेतले जातात. अंघोळीच्या पाण्यासाठी गरजेपेक्षा मोठे, आणि रात्रभर फिरणाऱ्या पाण्याचा तर हिशेबच नाही. ते पैसे हॉटेलवाल्याचे असतात, आणि त्याला यातलं कोणी काही सांगत नाही.