दुर्बिणीद्वारे फुप्फुसाचे डिकॉर्टिकेशन

दुर्बिणीद्वारे फुप्फुसाचे डिकॉर्टिकेशन ही छातीवरील शस्त्रक्रिया आहे. फुप्फुसाभोवती साचून घट्ट झालेला तंतुमय पापुद्रा या शस्त्रक्रियेत सोलून काढला जातो, जेणेकरून आकसलेले फुप्फुस पुन्हा फुलू शकेल. बरगड्यांमधील लहान छेदांतून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारे आत घालून ती केली जाते. वैद्यकीय व्यवहारात तिला ‘व्हॅट्स डिकॉर्टिकेशन’ म्हणतात. ‘कॉर्टेक्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ साल. मात्र झाडाची साल ही झाडाचाच भाग असते, तर येथे सोलली जाणारी साल फुप्फुसाची नसते. ती आजाराने बाहेरून चढवलेली असते.

पापुद्रा कसा तयार होतो

फुप्फुसावर आणि छातीच्या आतील भिंतीवर फुप्फुसावरणाचे दोन पातळ पदर असतात. निरोगी अवस्थेत त्यांच्यामध्ये जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो. न्यूमोनिया, क्षयरोग किंवा छातीला झालेली जखम यांमुळे या जागेत पाणी, पू वा रक्त साचते. पू साचण्याच्या अवस्थेला एम्पायमा म्हणतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 1962 साली तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या आणि आजही उपचाराची दिशा त्यांवरूनच ठरते. पहिल्या पायरीत द्रव पातळ असतो व नळीने सहज निघतो. दुसरीत त्यात फायब्रिनचे धागे विणले जाऊन कोळ्याच्या जाळ्यासारखे कप्पे पडतात. एका कप्प्यात घातलेली नळी दुसऱ्या कप्प्यातील पू काढू शकत नाही. तिसरीत या धाग्यांच्या जागी तंतुमय ऊतक येते आणि फुप्फुस जणू कवचात बंद होते. मग फुप्फुस फुलत नाही, त्या बाजूच्या बरगड्या एकमेकींजवळ येतात, छाती खपाटीला जाते आणि जिना चढतानाही धाप लागते. दुसऱ्या पायरीपासून तिसरीपर्यंतचा प्रवास बहुधा काही आठवड्यांचाच असतो.

भिवंडी आणि परिसर

भारतात या आजाराचा विचार क्षयरोगाला वगळून करता येत नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. दाट वस्ती, एका खोलीत अनेक कामगारांचा मुक्काम आणि हवा खेळती नसणे या गोष्टी क्षयरोगाच्या प्रसाराला अनुकूल ठरतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कापसाच्या धुळीमुळे श्वासनलिका आकुंचन पावण्याचा बिसिनोसिस नावाचा व्यावसायिक आजार होतो. पण ती धूळ फुप्फुसावरणात पू निर्माण करत नाही. तिचा अप्रत्यक्ष तोटा वेगळा आहे. मागावर काम करणाऱ्याचा खोकला ‘धुळीचा’ समजून अंगावर काढला जातो आणि उपचाराचे मोलाचे आठवडे निघून जातात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळचा ताप, वजनातील घट, श्वास घेताना एका कुशीत दुखणे यांपैकी काहीही असल्यास तपासणी करून घ्यावी. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. क्षयरोगाची तपासणी व औषधे शासकीय कार्यक्रमात विनामूल्य मिळतात.

छातीच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र रुग्णाला बहुधा ठाणे वा मुंबई गाठावी लागते. मुंबई महानगरपालिकेचे क्षयरोग रुग्णालय शिवडीला आहे. भिवंडी रोड हे स्थानक वसई-दिवा मार्गावर असल्याने तेथून शिवडीला थेट लोकल नाही; रस्त्याने ठाणे, तेथून कुर्ला आणि मग हार्बर मार्ग असा प्रवास पडतो. रोजावर काम करणाऱ्यासाठी अशी प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला दिवस. छातीत नळी असताना पुढच्या तपासणीस न जाण्यामागे नेहमीच निष्काळजीपणा नसतो, हे येथे नोंदवले पाहिजे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया व निवडलेले रुग्णालय समाविष्ट आहे का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयांतल्या आरोग्यमित्राकडे करता येते.

शस्त्रक्रिया कोणाला

क्षयरोगामुळे जाड झालेले फुप्फुसावरण औषधोपचार चालू असताना काही महिन्यांत पुष्कळदा आपोआप पातळ होते. त्यामुळे एक्स-रेवर पांढरा पट्टा दिसला म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, असे नाही. नळी घालूनही पू निघत नसेल, ताप हटत नसेल किंवा फुप्फुस कवचात अडकून धाप कायम असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. सोनोग्राफीत कप्पे दिसतात. सीटी स्कॅनमध्ये पापुद्र्याची जाडी आणि त्याखालील फुप्फुसाची स्थिती कळते. ही दुसरी गोष्ट निर्णायक असते, कारण क्षयरोगाने फुप्फुसच पोखरले गेले असेल तर साल काढून ते फुलणार नाही.

दुसऱ्या पायरीतील काही रुग्णांत नळीवाटे टीपीए आणि डीएनेज ही दोन औषधे एकत्र सोडण्याचा पर्याय असतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्ट-2’ या चाचणीत या जोडीमुळे निचरा सुधारल्याचे आढळले.

पद्धत

रुग्णाला पूर्ण भूल देऊन निरोगी कुशीवर झोपवतात. श्वासनलिकेत दुहेरी नळी घालून केवळ निरोगी फुप्फुसाला हवा दिली जाते. दोन-तीन लहान छेदांतून, काही ठिकाणी एकाच छेदातून, दुर्बीण व हत्यारे आत जातात. प्रथम पू शोषून घेतात, कप्पे मोडतात आणि मग पापुद्रा व फुप्फुस यांमधील नेमका थर शोधतात. हा थर सापडणे हेच खरे कौशल्य: वरवर सोलले तर कवच तसेच राहते, खोल गेले तर फुप्फुस फाटून हवा गळू लागते. मधूनमधून भूलतज्ज्ञ त्या फुप्फुसात हवा भरतो आणि सुटलेला भाग पडद्यावर फुगताना दिसतो. तळाशी श्वासपटलही मोकळे करावे लागते. काढलेल्या पापुद्र्याचा तुकडा ऊतक तपासणीस व जंतुसंवर्धनास पाठवतात; अनेकदा क्षयरोगाचे निदान आणि औषधांना प्रतिकार आहे की नाही हे त्यातूनच निश्चित होते.

पापुद्रा फार घट्ट असेल किंवा रक्तस्राव आवरत नसेल तर छाती उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करतात. हा रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो, दुर्बिणीचे अपयश नव्हे. लहान छेदांमुळे वेदना कमी होतात व रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. पण आजार जितका जुना, तितकी छाती उघडावी लागण्याची शक्यता अधिक.

नंतरची काळजी

छातीतील नळ्या पाण्याच्या बाटलीला जोडलेल्या असतात. हवेचे बुडबुडे थांबून द्रव कमी झाला की त्या काढतात. हवा अधिक दिवस गळत राहणे ही नेहमी आढळणारी गुंतागुंत आहे. रक्तस्राव व पुन्हा जंतुसंसर्ग या इतर होत. तीन रंगीत गोळ्यांच्या उपकरणात श्वास ओढण्याचा व्यायाम क्षुल्लक वाटला तरी मोकळे झालेले फुप्फुस त्यानेच फुललेले राहते. क्षयरोग असल्यास शस्त्रक्रियेनंतरही औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावी लागतात. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात ही मुदत सामान्यतः सहा महिने असते.

इतिहास

अमेरिकेत जॉर्ज फाउलर यांनी 1893 मध्ये आणि फ्रान्समध्ये एडमंड डेलॉर्म यांनी 1894 मध्ये, परस्परांपासून स्वतंत्रपणे, छाती उघडून ही शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या महायुद्धात छातीत रक्त साकळलेल्या जखमी सैनिकांमुळे तिला नवे महत्त्व आले. दुर्बिणीचा वापर स्वीडनचे हान्स क्रिस्तियन याकोबेउस यांनी 1910 मध्ये मांडला. पुढे ते तिच्या साहाय्याने छातीच्या भिंतीला चिकटलेले फुप्फुस सोडवू लागले, पण ते उलट हेतूने. क्षयरोगावर औषध नसलेल्या त्या काळात फुप्फुस मिटवून त्याला विश्रांती देणे हाच उपचार होता, आणि चिकटलेले फुप्फुस मिटत नसे. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागल्यानंतर तो उपचार हळूहळू मागे पडला. 1990 च्या दशकाच्या आरंभी लहान व्हिडिओ कॅमेरे आले आणि तीच दुर्बीण फुप्फुस फुलवण्याच्या कामी आली.

हेही पाहा

क्षयरोग, न्यूमोनिया, फुप्फुसावरण, भिवंडी