घणसोलीच्या खाडीकाठी रोमन प्रांतिक नाणी : संग्रह आणि साक्ष

रोमन साम्राज्याच्या नाण्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. सम्राटाच्या टांकसाळीतून निघालेले सोन्याचे ऑरेअस व चांदीचे देनारियस हा पहिला वर्ग. पूर्वेकडील नगरांनी आपल्या स्थानिक व्यवहारासाठी पाडलेली, बहुधा तांब्याकाशाची व ग्रीक लेखांची नाणी हा दुसरा. या दुसऱ्या वर्गास ‘प्रांतिक’ ही संज्ञा आहे. बर्नेट, आमांद्री व रिपोलेस यांच्या सूचिग्रंथाचा पहिला खंड १९९२ साली प्रसिद्ध झाल्यापासून या नाण्यांच्या अभ्यासास शिस्त आली. ही नाणी तुलनेने स्वस्त आणि प्रकारांनी विपुल असल्यामुळे सामान्य प्राप्तीच्या संग्राहकाचा ओढा त्यांच्याकडे असणे स्वाभाविक होय.

असा संग्रह ठाणे खाडीच्या पूर्व तीरावरील घणसोली गावात एखाद्या घरी जमला, तर त्यापासून एक मोह उत्पन्न होतो. या खाडीचे उत्तर टोक ठाण्यापाशी उल्हास नदीच्या खाडीस मिळते, आणि उल्हासेच्या काठी कल्याण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख असून, संदनेस याचा अंमल बसल्यावर तेथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. मग पेटीतील एफेससचे वा अलेक्झांड्रियाचे नाणे याच व्यापाराचा अवशेष का मानू नये? उत्तर स्पष्टच द्यावयास हवे : बाजारात विकत घेतलेले नाणे स्वतःच्या टांकसाळीविषयी साक्ष देते, खरेदीदाराच्या गावाविषयी नव्हे.

शिवाय ही नाणी त्या व्यापारातून इकडे येण्याचा संभवही थोडा. नगरांची तांब्याची नाणी आपल्या परिसराबाहेर फारशी चालत नसत. अलेक्झांड्रियाचे हिणकस चांदीचे चतुर्द्रम्म तर मुद्दाम इजिप्तपुरते मर्यादित ठेवलेले चलन होते. परकीय नाणे तेथे बदलून घ्यावे लागे. हिंदुस्थानकडे निघालेला व्यापारी म्हणून देनारियस व ऑरेअस बरोबर घेई. भडोचला ही सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो, असे ‘पेरिप्लस’कार नमूद करतो. दक्षिण भारतातील निधींत ऑगस्टस व टायबेरियस यांचे देनारियस मोठ्या संख्येने सापडतात, ते याच कारणाने.

तथापि प्रांतिक नाणी वाचण्याची सवय आपल्या प्रांतातील नाण्यांना फार उपयोगी पडते. एफेससच्या नाण्यावर नगराचे नाव नसते, नगरवासीयांचे असते, आणि तेही षष्ठी विभक्तीत : ‘एफेसिऑन’, म्हणजे ‘एफेससवासीयांचे’. आता क्षहरात क्षत्रप नहपान याचे चांदीचे नाणे पाहावे. ‘राज्ञो क्षहरातस नहपानस’ हीही षष्ठीच. ब्राह्मी व खरोष्ठी लेख मागील बाजूस बाण आणि वज्र यांच्याभोवती येतात; पुढील बाजूस मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत. परंतु ही अक्षरे ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही, त्याच प्राकृत शब्दांचे ते लिप्यंतर आहे. आणि पुढे पुढे अक्षरे बिघडत जाऊन केवळ शोभेची कड उरते. एफेससच्या वाचकाला लेख समजत असे. नाशिकच्या वाचकाला ग्रीक कितपत समजत असेल, याविषयी संशय घेण्यास जागा आहे.

नहपानाच्या नाण्यांचे महत्त्व मात्र ज्या एका घटनेने सिद्ध झाले, ती कोणा संग्राहकाच्या चोखंदळपणाची नव्हे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सुमारे १३,२५० नाण्यांचा निधी सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे, तीन कमानींचा पर्वत व उज्जयिनी चिन्ह, पुन्हा उमटविली होती. रेव्हरंड स्कॉट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ साली त्याचा वृत्तान्त दिला आणि मुखवट्यांतील परस्परभिन्नताही निदर्शनास आणली. एखादे पुनर्मुद्रित नाणे सुटे मिळाले असते, तर विजेता कोण एवढेच कळते. पुनर्मुद्रित व मूळ नाणी कोणत्या प्रमाणात एकत्र पुरली गेली हे ज्ञात असल्यामुळे, चलन बदलण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर चालले होते आणि तरीही जुने नाणे लगोलग बाद झाले नव्हते, हे अनुमान शक्य होते. तोच निधी सराफांच्या हाती सुटा सुटा फुटला असता, तर प्रत्येक नाणे शाबूत राहूनही हा पुरावा नाहीसा झाला असता.

घणसोलीच्या बाबतीत ही गोष्ट अधिक निकडीची आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबई उभी राहिली, आणि गावठाणाभोवतालची शेते व खाडीकाठचा सखल भाग पालटून गेला. अशा भागात पाया खणताना ग्रीक अक्षरांचे नाणे वर आलेच, तर ती माती मूळची की भरावासाठी बाहेरून आणलेली, हा पहिला प्रश्न. नाणे कोणाचे, हा दुसरा. म्हणून खोली, थर, सोबतची खापरे व दिनांक यांची नोंद जागेवरच करावी. वजन व व्यास मागाहूनही घेता येतात. नाणे चिंचेने वा लिंबाने उजळू नये. त्याने लेखाची कड झिजते आणि चिकटलेली मातीही जाते, जी कित्येकदा लेखापेक्षा अधिक बोलकी असते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे, हेही विद्यार्थ्यांस ठाऊक असावे.

संग्राहकाविरुद्ध हे आरोपपत्र नव्हे. तेरचे, म्हणजे ‘पेरिप्लस’मधील तगरचे, रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या परिसरातील वस्तू जमविल्या, आणि त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. त्या वस्तूंचे थर नोंदलेले नसले, तरी गाव निश्चित आहे. त्यामुळेच तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची पाँपेई येथील मूर्तीशी तुलना करता येते. घणसोलीच्या संग्राहकाने प्रांतिक नाणी अवश्य विकत घ्यावीत. फक्त प्रत्येक पाकिटावर ‘अमुक वर्षी, अमुक बाजारात खरेदी, प्राप्तिस्थान अज्ञात’ असे लिहावे, आणि गावच्या मातीतील खापराचा तुकडाही त्याच पेटीत, पण वेगळ्या पाकिटात ठेवावा.