उसाच्या खालची माती

औदुंबरच्या आसपास कृष्णेचा काठ उसानं भरलेला आहे. ऊस संपतो तिथून पाण्यापर्यंत जो मातीचा उतार उरतो, तेवढ्यात मगरीचा संसार. हिवाळ्यात ती इथेच उन्हाला पडते. जबडा उघडा ठेवून तासन्‌तास. लोकांना तो राग वाटतो. खरं तर अंगातली उष्णता सांभाळायची ती तिची रीत.

मी पलीकडच्या काठावरून दुर्बिणीनं पाहतो, आणि माझं लक्ष असतं ते घरट्याच्या जागेकडे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी मागच्या पायांनी खड्डा खणते, साधारण २५-३० अंडी घालते, वर माती ओढून दाबून टाकते. दुसऱ्या दिवशी तिथे थोडी उकरलेली माती दिसते, एवढंच. पुढचे दोन-अडीच महिने ती माती जे करते ते मला अजूनही थक्क करतं. पिल्लू नर की मादी, हे अंड्याभोवतीच्या उष्णतेवर ठरतं: साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर, त्याहून गार किंवा गरम झालं तर बहुधा माद्या. गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो, त्यामुळे अंडं नुसतं उलटं झालं तरी तो मरू शकतो. काठाची माती उपसणाऱ्या पोकलेनला एक फेरा पुरतो.

पिल्लं अंड्यातूनच ओरडू लागतात. मादी माती उकरते, न फुटलेलं अंडं जिभेवर घोळवत अलगद फोडते आणि पिल्लं तोंडातून पाण्यात नेते. चेन्नईजवळच्या मगर उद्यानात नरानंही हे काम केल्याची नोंद आहे.

एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "मे म्हैन्यात ती तिथनं हलत न्हाई बघा. आमाला बी फुटवॉल सरकवायला तिथंच उतराय लागतंय." नदी आटते, मोटारीचा पाइप त्याच्या टोकाच्या फुटवॉलसकट खाली न्यावा लागतो, नेमकी तेव्हाच मादी घरट्यापाशी असते. त्यात शेतीची वीज रात्रीची असेल, तर अंधारात बॅटरी घेऊन उतरायचं. हा धोका मगरीनं आणलेला नाही. निदान एप्रिल ते जून नदीकाठच्या मोटारींना दिवसा वीज द्यावी आणि घरट्याचा उतार तेवढे दिवस सोडून पाइप बाजूनं न्यावा. यातलं काहीच अवघड नाही.